पोचाईच्या कुंडावरची हाक

सुधाकररावांना सहलीचं भारी वेड. आदिलाबादला मंडल ऑफिसात कारकून लागल्यापासून या गृहस्थाला रविवारी घरी बसवेना, आणि स्वतःला बसवत नाही म्हणून ते दुसऱ्यालाही बसू देईनात. त्या भागात जाऊन जाऊन माणूस जाणार कुठं? एखादा धबधबा, एखादी जत्रा, नाहीतर शहरातला सिनेमा. पण सुधाकरराव सांगायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, आता काश्मीरच गाठायचं आहे. सत्याऐंशी सालच्या संक्रांतीनंतर त्यांनी कुणाची तरी जीप ड्रायव्हरसकट मिळवली, बायको ताराबाईला पुढं बसवलं आणि इंद्रवेल्लीजवळच्या खेड्यात थोरल्या भावाच्या दारात येऊन हॉर्न वाजवला.

"वहिनी, भाकरी बांधा. पोचाईच्या कुंडावर चाललो आपण," ते जीपमधूनच ओरडले. "दोन वर्सं झाले, तुमी कुठीसा गेल्या नाही. आज मी ऐकत नाही."

दोन वर्षं म्हणजे शकू गेली तेव्हापासून. शकू ही वहिनींची, म्हणजे रेणुकाबाईची, थोरली मुलगी. दहा वर्षांची होती, तीन दिवसांच्या तापात हातची गेली. धाकटी तुळजा तेव्हा सहाची होती, आता आठची झाली होती. रेणुकाबाईला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. तिनं मुकाट्यानं भाकरी, ठेचा आणि तिळाचे लाडू फडक्यात बांधले. सासू जयवंताबाईचे गुडघे धरले होते, ती घरीच राहिली. जीप निघताना म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "उठतानी हाक मारजो बरं रेणुके. ते काम आता तुह्यावर हाये."

या घराची ती रीत होती. पाण्यावरून, जंगलातून, जत्रेतून घरी निघायचं तर सोबतच्या मोठ्या बाईनं एकेकाचं नाव घेऊन 'चाल घरी' म्हणायचं, आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं 'आलो' म्हणून ओ द्यायची. शेवटी कुणीतरी त्या बाईलाही हाक मारायची. माणूस आपल्या पायानं परत येतं, पण जीव रमला तिथंच घुटमळतो, त्याला नावानं उठवावं लागतं, असं जयवंताबाई सांगे. सुधाकरराव ऑफिसात या प्रकाराची टिंगल करत. मात्र हाक मारल्याशिवाय निघायची वेळ आली असती, तर जीपमध्ये न चढणारे पहिले तेच निघाले असते.

आता बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग त्याला हाक कशी मारायची? तर पोराच्या नावानं. रेणुकाबाई उद्धवरावांना दहा वर्षं 'शकूचे बाबा' म्हणत होती. शकू गेल्यावर एक दिवस त्यांनीच खाली मान घालून सांगितलं, "आता तुळजाचे बाबा म्हनत जाय वो." तिनं तसं म्हणायला सुरुवात केली. तरी दर वेळी जीभ आधी जुन्या नावाकडं वळायची, आणि तिला ती ओढून आणावी लागायची.

जंगल सुरू होतं तिथं पोलिसांचं नाकं होतं. त्या वर्षांत जंगलात शिरणारी प्रत्येक गाडी थांबत असे. शिपायानं आत डोकावून ड्रायव्हरसकट माणसं मोजली, वहीत सहा लिहिलं आणि दांडी वर केली. सुधाकररावांनी उगीचच त्याला तेलुगूत मंडल ऑफिसचं नाव सांगितलं. शिपायावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही.

कुंड खोलात होतं. सागाच्या वाळल्या पानांतून पन्नास-साठ पावलं खाली उतरायचं, मग काळ्या कातळावरून पडणारी पाण्याची धार दिसायची. धारेच्या बाजूला पोचाई, म्हणजे हळदी-शेंदरानं माखलेला हातभर दगड. थंडीच्या दिवसांत धार बारीक झाली होती, पण कुंडातलं पाणी तसंच काळं आणि गच्च होतं. पाण्याचा आवाज सोडला तर तिथं दुसरा आवाज नव्हता. एवढं जंगल, आणि पाखरू म्हणून नाही. ताराबाईच्या ते लक्षात आलं, ती म्हणालीही, पण सुधाकररावांनी तिला गप्प केलं.

जेवणं झाली. सुधाकरराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, 'पाण्यात कसं चालावं' हे तुळजाला शिकवायला गेले आणि शेवाळावरून घसरून बदकन बसले. तुळजा खिदळली. आणि रेणुकाबाई हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. उद्धवराव तिच्याकडं बघतच राहिले. मग तिला एकदम आठवलं की आपल्याला दोन मुली होत्या, आणि आपण हसतोय. तिला स्वतःची लाज वाटली. त्या लाजेतच ती भांडी आवरायला उठली.

ऊन कलायच्या आत निघायचं म्हणून उद्धवराव फडकी घेऊन वर चढले. भाऊ-भावजय वाटेला लागली. तुळजा पलीकडच्या दगडावर खडे रचत होती. रेणुकाबाई कुंडाकाठी उभी राहिली, पोचाईला हात जोडले आणि हाक मारायला लागली. मोठ्यापासून सुरुवात करायची, म्हणजे पहिली हाक नवऱ्याला.

"शकू..." ती म्हणाली. जीभ जुन्याच नावाकडं वळली होती. पुढचं 'चे बाबा' तोंडातून बाहेरच पडेना. सवयीनं फक्त शेवटचे दोन शब्द आले, "चाला घरी."

वरून उद्धवरावांनी ओळखलं. बायकोची चूक झाकावी म्हणून ते घाईनं बोलले, "आलो, आलो." आणि त्याच वेळी खालून, पाण्याच्या बाजूनं लहान मुलीचा आवाज आला, "आले, मा."

रेणुकाबाई मागं वळली. तुळजा दगडावरून उडी मारून तिच्याकडं येत होती. पोरीनं ओ दिली, रेणुकाबाईला वाटलं. बापाच्या ओबरोबर तिनं आपलीही ओ दिली असेल. पोरीची ओ मिळाली म्हणून तिनं पुढं तुळजाचं नाव घेतलं नाही. भाऊजींना हाक मारली, ताराला मारली, त्यांनी वरून ओ दिली. मग ताराबाईनं तिला हाक मारली आणि तीही 'आली' म्हणून चढायला लागली. तुळजाचा हात तिच्या हातात होता, आणि तो गारठलेला होता.

नाक्यावर परतताना त्याच शिपायानं आत डोकावलं. बोटानं मोजलं, थबकला, परत मोजलं. "जाते वक्त छे थे," तो म्हणाला, "अब सात?" सुधाकररावांनी त्याला पुन्हा मोजायला लावलं. सहाच निघाली. शिपाई ओशाळं हसला, पण दांडी वर करेपर्यंत तो मागच्या बाकाकडंच बघत होता.

घरी आल्यावर तुळजा काही बोलली नाही, दमली असेल म्हणून कुणी तिला छेडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी येऊन ती म्हणाली, "मा, साय दे."

रेणुकाबाईच्या हातातला चिमटा खाली पडला. तुळजा तिला आई म्हणायची, शाळेतल्या पुस्तकातून ती तो शब्द घरी घेऊन आली होती. 'मा' म्हणणारी थोरली. आणि सायीचं नाव काढलं की तुळजाला मळमळायचं. रेणुकाबाईनं वाटीत साय काढून दिली. पोरीनं ती बोटानं चाटूनपुसून खाल्ली.

दुपारी ओसरीवर पोरगी सरकीतून कापूस सोडवत बसली होती आणि एकेक सरकी बाजूला टाकत मोजत होती, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू..." शकूला उद्धवरावांनी तेलुगू शाळेत घातलं होतं, पुढं ऑफिसात लागेल म्हणून. तुळजा मराठी शाळेत जात होती, तिला तेलुगूत दहापर्यंतही येत नव्हतं. ही पन्नासाच्या पुढं गेली होती, न अडखळता. लहानपणी कानावर पडलं असेल, असं कुणीही म्हणू शकलं असतं. रेणुकाबाई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती, तिनं तसं म्हटलं नाही. तिनं हळूच विचारलं, "शकू?"

"काय वो मा?" पोरीनं मान वर न करता विचारलं.

खरं सांगायचं तर रेणुकाबाईला भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला. तो इतका झाला की ती मागच्या दारानं गोठ्यात गेली आणि बैलाच्या मानेला मिठी मारून रडली. गेलेलं लेकरू दारी चालत आलं होतं, आता ते कसं आलं हे विचारत बसणारी आई कुठून आणायची? पुढचे आठ दिवस ती शेतातून लवकर येई, पोरीला मांडीवर घेई, वेणी घालताना मुद्दाम वेळ लावी. चारचौघांत तुळजा म्हणे, एकटीत शकू म्हणे. वेणी घालताना कधीमधी तिच्या मनात यायचं, मग तुळजा कुठं आहे? यायचं आणि ती ते कंगव्याबरोबर खाली ओढून टाकायची.

उद्धवरावांच्याही ते लक्षात आलं होतं. शेतातून येताना त्यांनी एकदा बोरं आणली, शकूला आवडायची तसली आंबट. पोरीच्या ओंजळीत टाकली आणि तिच्याकडं न बघता निघून गेले.

जयवंताबाईला फसवणं मात्र सोपं नव्हतं. नवव्या दिवशी तिनं सुनेला समोर बसवलं.

"तुळजी माह्याजवळ येत नाही," ती म्हणाली. "शकीले मी रागे भरत होती, तशी हे आता माह्यापासून लांब बसते. कुंडावर नावं कोणाकोणाचे घेतले तू?"

"सगळ्यायचे घेतले."

"तुळजीचं?"

"घेतलं," रेणुकाबाई म्हणाली. सासूशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तेही डोळ्याला डोळा देऊन.

"नसंन घेतलं तर जाऊन घे," म्हातारी म्हणाली. "एका अंगात दोघी मावत नाहीत माय. जिचं नाव घेशीन ते येईन, दुसरी तिथं राहीन. अन् तिथं राह्यलेलं लेकरू फार दिवस आपलं राहत नाही."

"कापसाची दुसरी वेचणी होऊ द्या. मंग पाहू," रेणुकाबाई म्हणाली आणि उठली.

तिनं खरंच वेचणी होऊ दिली. मग तूर मळायची होती. मग पाहुणे यायचे होते. माणसाला टाळायचंच असलं की कामं काय, दारात रांग लावून उभी असतात. पोरगी तेवढ्या दिवसांत वाळत चालली होती. खायची दोघींचं, आणि हातापायांच्या काड्या होत होत्या. झोपेत तिच्या तोंडून कुडकुडल्यासारखा आवाज यायचा. रेणुकाबाई तिच्यावर दुसरी गोधडी घाली, मग तिसरी.

तिसऱ्या आठवड्यात इंद्रवेल्लीच्या बाजारात रेणुकाबाई टोपली घ्यायला बसली. टोपल्या विकणारी कोलाम बाई कुंडाकडच्या गुड्यातली, म्हणजे आदिवासी पाड्यातली होती, दर बाजाराला येणारी, ओळखीची. टोपलीचा काठ दाखवता दाखवता ती म्हणाली, "बाई, तुमच्यातल्या कोणाची पोरगी हरवली का वो?"

"काऊन?"

"कुंडावर रडते. दुपारची. आमी दोनदा खाली जाऊन पाह्यलं, कोणी नाही. बोली तुमची हाये." तिनं टोपली खाली ठेवली. "'आई, माह्यं नाव राह्यलं' म्हनते. पयले मोठ्यानं म्हने. आता हळू म्हनते."

रेणुकाबाईच्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीनं तिचा पदर ओढला. "मा, चाल," ती घाईनं म्हणाली. "तिचं ऐकू नोको. चाल ना मा."

रेणुकाबाईनं पोरीकडं बघितलं. तोंड तुळजाचं होतं. दोन वर्षांपूर्वी बहीण गेली त्या दिवशी आईला कुणी जेवायला वाढत नव्हतं, तेव्हा याच तोंडानं तिला विचारलं होतं, 'आई, तू जेवली का?' ती तुळजा तीन आठवडे पाण्याकाठी थंडीत बसून आपलं नाव कुणी घेतं का म्हणून ऐकत होती. आणि आपण गोधड्या कुणावर घालत होतो? रेणुकाबाईला स्वतःची इतकी किळस आली की टोपली न घेताच ती उठली.

घरी येऊन तिनं सासूला सगळं सांगितलं. म्हातारी रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "उद्या?" आणि उद्धवरावांना दमणी जुंपायला सांगितलं. निघताना तिनं सुनेचा हात घट्ट धरला. "तुह्यं काम झालं की उद्धव तुले हाक मारन. लगेच ओ दे. इकडंतिकडं पाहू नोको."

दुसऱ्या दिवशी दुपारी दमणी कुंडाच्या वरच्या अंगाला थांबली. उद्धवराव बैलांचे कासरे धरून उभे राहिले. "मी खाली येत नाही," ते म्हणाले. "माह्या तोंडातून भलतंच नाव निघन." त्यांनी पोरीच्या डोक्यावरून एकदाच हात फिरवला आणि तोंड बैलांकडं केलं.

पोरगी खाली यायला तयार नव्हती. रेणुकाबाईनं तिला उचलून घेतलं. आठ वर्षांची पोर, आणि वजन तीन वर्षांच्या मुलाइतकंही नव्हतं. कुंडाकाठी उतरवल्यावर तिनं आईच्या कमरेला मिठी मारली. "मा, मले इथं नोको ठेवू. मी साय नाही मांगनार. आजीजवळ बसीन. मा, माह्यं नाव घे ना."

पलीकडच्या दगडापाशी कुणी दिसत नव्हतं. पण तिथून आवाज आला, अगदी बारीक, पाण्याच्या आवाजात जेमतेम ओळखू येणारा. "आई."

रेणुकाबाईला वाटलं, आपली छाती मधोमध फाटेल. दोघी तिच्या. दोघींना तिनंच दूध पाजलेलं. पण एक मातीत जाऊन आली होती, आणि दुसरीचं अजून सगळं व्हायचं होतं. तिनं कमरेला मारलेल्या मिठीवर दोन्ही हात ठेवले, ते हात सोडवले नाहीत, आणि मोठ्यानं म्हणाली, "तुळजा, चाल घरी!"

"आले, आई."

ओ पलीकडून सुरू झाली आणि तिच्या कुशीत संपली. कमरेभोवतीचे हात एकदम गरम झाले. पोरीनं मान वर केली, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "आई, काका कुठी गेले? जीप कुठी हाये?"

रेणुकाबाईनं तिचे गाल, कपाळ, कान चाचपून बघितले. तुळजाच होती, नखशिखांत तुळजा. तिनं तिला पोटाशी धरलं. आणि तेव्हा पलीकडून दुसरं रडणं सुरू झालं. ते मोठ्यानं नव्हतं. आपल्याला कुणी ऐकणार नाही हे कळून चुकलेलं लेकरू रडतं, तसं ते रडणं होतं.

"वर जाय," ती तुळजाला म्हणाली. "बाबा हायेत वर. मी आलीच."

तुळजा चार पावलं चढून थांबली, आईची वाट बघत. वरून उद्धवरावांची हाक आली. लग्न झाल्यापासून त्यांनी तिला 'अवो' शिवाय हाक मारली नव्हती. आज त्यांनी नाव घेतलं. "रेणुका, चाल घरी!"

तिनं तोंड उघडलं. पलीकडचं रडणं हाक ऐकून थांबलं होतं. ती काय म्हणते याची वाट बघत होतं. तुळजाला बाप आहे, आजी आहे, काका-काकू आहेत, रेणुकाबाईच्या मनात आलं. हिला या काळ्या पाण्यावर कोण आहे? एका हाकेनं आपणच हिला उठवलं, आणि दुसऱ्या हाकेनं टाकून दिलं.

"रेणुका!" उद्धवरावांचा आवाज फाटला. "चाल घरी वो! ओ दे!"

रेणुकाबाईनं दात आवळले, ओठ मिटले आणि ओ दिली नाही.

मग तिला दिसलं की तिच्याच जागेवरून एक बाई निघाली. किरमिजी लुगड्याची, आवळ अंबाड्याची. तिनं पदर नीट खोचला, वर जाऊन तुळजाचा हात धरला आणि पाऊलवाट चढायला लागली. चाल तिचीच होती, डाव्या टाचेवर किंचित जोर देणारी. वर पोचल्यावर तिनं पोरीला दमणीत चढवलं, नवऱ्याच्या हातातली पाण्याची बाटली घेतली. उद्धवराव तिच्या तोंडाकडं बघत होते, बराच वेळ. मग त्यांनी मान खाली घातली आणि बैलांना हाकारलं. तुळजा त्या बाईला काहीतरी विचारत होती. बाई मान हलवत होती. ती भाकरी करेल, वेण्या घालेल, कापूस वेचेल, पोरीचं लग्नही लावून देईल. तुळजाला तेवढ्यावर भागवून घ्यावं लागणार होतं. रेणुकाबाईनं मनातल्या मनात तिची माफी मागितली.

चाकांचा आवाज सागाच्या पानांत विरून गेला. ती कुंडाकाठच्या कातळावर बसली. पाय पाण्यात सोडले, तरी पाणी गार लागेना. थोड्या वेळानं एक लहान हात तिच्या हातात आला.

"गेले का सगळे?" शकूनं विचारलं.

"हाव," रेणुकाबाई म्हणाली आणि तिची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.